आठवड्याचा हिशेब, चारचौघांत

जानेवारी २०१८पासून केडीई या ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता आणि बदलता येतो अशा, सॉफ्टवेअर प्रकल्पात एक शिरस्ता चालत आलेला आहे. आठवडा संपला की एक अहवाल येतो. गेल्या सात दिवसांत नवं काय झालं, कोणती चूक दुरुस्त झाली, ती कुणी केली, आणि ती दुरुस्ती वापरणाऱ्याच्या संगणकावर कितव्या आवृत्तीत पोचेल, हे त्यात एकेका ओळीत मांडलेलं असतं. नेट ग्रॅहम या डेव्हलपरने हे लिखाण सुरू केलं. पुढे अहवालाचं नाव बदललं, छापून येण्याची जागा बदलली, लिहायला आणखी हात आले, पण शिरस्ता टिकला. यात गाजावाजा नाही. बहुतेक ओळी अमुक बटण नीट दिसत नव्हतं, तमुक खिडकी चुकीच्या पडद्यावर उघडत होती, अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींच्या असतात. तरी मला हा अहवाल आजच्या सॉफ्टवेअर जगातली फार मोलाची सार्वजनिक सवय वाटते. आणि माझं म्हणणं असं आहे की, आपल्या करातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक सरकारी संगणकप्रणालीला असा आठवड्याचा हिशेब देणं बंधनकारक असलं पाहिजे. कोड खुला करणं ही त्यातली अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी गोष्ट म्हणजे काम चालू असताना, चारचौघांत, ठरलेल्या वेळी सांगत राहणं.

केडीई काय आहे ते थोडक्यात सांगतो. लिनक्स हा संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा. त्याच्यावर खिडक्या, मेनू, फाइली, घड्याळ, वायफायचं चिन्ह असं जे आपल्याला डोळ्यांनी दिसतं, ते बांधणारे प्रकल्प वेगळे आहेत. केडीईचा प्लाझ्मा हा त्यातला एक, ग्नोम हा दुसरा. १४ ऑक्टोबर १९९६ रोजी माथियास एट्रिश या जर्मन विद्यार्थ्याने केडीईची हाक दिली. लिनक्स तोवर जाणकारांचंच होतं, ते साध्या माणसाला वापरता यावं ही त्याची तळमळ होती. आज या प्रकल्पामागच्या ना-नफा संस्थेचं कार्यालय बर्लिनमध्ये आहे आणि काम करणारी माणसं जगभर पसरलेली आहेत. काहींना कंपन्या पगार देतात, बाकीचे नोकरीधंदा सांभाळून रात्री बसतात. आपला याच्याशी काय संबंध, असं कुणाला वाटेल. केडीईच्या ब्राउझरसाठी लिहिलेलं केएचटीएमएल हे वेबपानं पडद्यावर मांडणारं इंजिन ॲपलने घेतलं आणि २००३मध्ये त्यावर सफारी आणला. त्यातून वेबकिट झालं, आणि वेबकिटमधून २०१३मध्ये गूगलने क्रोमसाठी ब्लिंक काढलं. तालुक्याच्या सेतू केंद्रात क्रोम उघडून उत्पन्नाचा दाखला काढतात, तेव्हा त्या पानामागे याच कोडचा वंशज चालत असतो.

आता त्या अहवालातली ओळ जवळून पाहू. लॅपटॉपला दुसरा पडदा जोडणाऱ्यांना प्लाझ्मा वर्षानुवर्षं एक त्रास देत असे. केबल काढून पुन्हा लावली की खालची पट्टी भलत्याच पडद्यावर जायची, कधी नाहीशीच व्हायची, कधी पडद्यांची अदलाबदल व्हायची. वापरणाऱ्याच्या दृष्टीने याहून चीड आणणारं काही नाही, कारण दोष आपला की यंत्राचा हेच कळत नाही. अहवालांतून या दुखण्याच्या एकेका रूपाचा मागोवा येत राहिला. अमुक प्रकार सुधारला, तमुक अजून होतो आहे, अमक्या दुरुस्तीने दुसरंच काही बिघडलं म्हणून ती मागे घेतली. शेवटी फेब्रुवारी २०२३मध्ये आलेल्या ५.२७ या आवृत्तीसाठी पडदे सांभाळणारा भागच मुळातून नव्याने रचला गेला. हे सगळं घडत असताना वाचणाऱ्याला दोन गोष्टी कळत होत्या. एक, तुमचा त्रास खरा आहे आणि तो नोंदलेला आहे. दोन, त्यावर माणसं बसलेली आहेत. दुरुस्तीइतकीच ही माहिती महत्त्वाची आहे, असं मला ठामपणे वाटतं. ज्याला आपल्या तक्रारीचं काय झालं हे कळतं, तो माणूस थांबायला तयार असतो.

२०२२मध्ये केडीईने आणखी एक धाडस केलं. नवा माणूस प्लाझ्मासमोर बसला तर पहिल्या पंधरा मिनिटांत त्याला कोणत्या चुका आडव्या येतील, त्यांची वेगळी यादी केली, आणि तिचा आकडा आठवड्याच्या अहवालात छापायला सुरुवात केली. यादी वाढली की वाढली म्हणून लिहायचं, घटली की घटली म्हणून. आपल्या मालाची पहिली छाप किती खराब पडते याचा आकडा स्वतःहून छापणारी कंपनी तुम्हाला बाजारात सापडणार नाही. बंद सॉफ्टवेअरवालेही बदलांची यादी देतात हे खरं. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेच्या दुरुस्त्या आणि त्यांची टिपणं काढतं, आणि ती उपयोगी असतात. पण त्या यादीत काय यायचं ते कंपनी ठरवते आणि यादी येते ती काम उरकल्यावर. केडीईत काम अर्धवट असताना, वाद मिटलेला नसताना, तुम्ही तिथे बसून ऐकू शकता.

वादाचंही उदाहरण देतो. फाइल उघडायला एकदा क्लिक करायचं की दोनदा? केडीईत वर्षानुवर्षं एकदा क्लिक केलं की फाइल उघडायची. जुन्या वापरकर्त्यांना त्याचा अभिमान होता. हात वाचतो, असं ते म्हणत, आणि त्यात तथ्य होतं. पण विंडोजवरून येणारा माणूस फाइल नुसती निवडायला जायचा आणि ती उघडून बसायची. कितीतरी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्स आणि केडीई एकत्र बांधून वाटणारे प्रकल्प, वितरणापूर्वी स्वतःच ही सेटिंग बदलून देत होते. फेब्रुवारी २०२४मध्ये प्लाझ्मा ६ आला तेव्हा केडीईने मूळ सेटिंगच दोन क्लिकची केली, आणि ज्याला जुनी सवय हवी त्याच्यासाठी पर्याय ठेवला. महत्त्वाचं हे की कुणी काय बाजू मांडली, कुणाचा विरोध होता, निर्णय कोणत्या कारणाने झाला, हे सगळं आजही कुणालाही वाचता येतं. निर्णय पटला नाही तरी कारण कळतं. क्लिकसारख्या बारीक गोष्टीचं कारण जर इतक्या मोकळेपणाने मिळू शकतं, तर ज्या संकेतस्थळावर मुलाचा प्रवेश, शेताचा पीकविमा किंवा आईचं अनुदान अडून बसतं, तिथल्या बदलांचं कारण का मिळू नये?

आपल्याकडे काय मिळतं? 'सर्व्हर डाऊन आहे.' 'तांत्रिक अडचणीमुळे सेवा तात्पुरती बंद आहे.' ही दोन वाक्यं महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराने ऐकलेली आहेत. २०२५मध्ये अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच संपूर्ण राज्यात एका ऑनलाइन पद्धतीने व्हायचे होते. नोंदणीच्या पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडलं आणि वेळापत्रक पुढे ढकलावं लागलं. दहावीचा निकाल हातात घेतलेली मुलं आणि त्यांचे आईबाप सायबर कॅफेत ताटकळले. एवढ्या मोठ्या व्यवस्थेत पहिल्या दिवशी अडचण येऊ शकते, हे मी मान्य करतो. कुणाचंही सॉफ्टवेअर पडतं. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. पण त्या कंपनीला निदान नंतर, जगभरच्या दबावाखाली, नेमकी चूक कुठे झाली त्याचा सविस्तर अहवाल द्यावा लागला. प्रवेशाच्या रांगेत बसलेल्या मुलाला असा अहवाल कुणी दिला? कोणता भाग ताण सहन करू शकला नाही, आधी चाचणी किती जणांची झाली होती, दुरुस्ती काय केली, पुन्हा तसं होऊ नये म्हणून काय बदललं, हे ज्यांनी भोगलं त्यांना समजलंच पाहिजे. 'तांत्रिक अडचण' हे उत्तर नव्हे.

हा विचार आपल्या मातीला नवा नाही. गावात चावडीवाचन असतं. सातबारावरच्या नोंदी, लाभार्थ्यांची यादी चारचौघांत मोठ्याने वाचायची, म्हणजे ज्याच्या नावावर चुकीची नोंद झाली तो तिथल्या तिथे उठून बोलू शकतो. माहितीच्या हक्काच्या बाबतीत तर आपला परिसर देशाच्या पुढे होता. गोव्याने १९९७मध्ये कायदा केला. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२चा कायदा आला. केंद्राचा कायदा २००५चा. त्या केंद्रीय कायद्याचं चौथं कलम वाचा. नागरिकाने अर्ज करायची वाट न पाहता प्रशासनाने स्वतः होऊन, ठरावीक काळाने, इंटरनेटसह सगळ्या माध्यमांतून माहिती देत राहावी, म्हणजे लोकांना या कायद्याचा वापर करण्याची गरजच कमीत कमी पडेल, असा त्याचा आशय आहे. लोकांवर परिणाम करणाऱ्या निर्णयांमागची कारणं देण्याचंही त्यात आहे. केडीई दर आठवड्याला जे करतं ते या कलमाबरहुकूम आहे. मला याचं फार वाईट वाटतं की, ज्यांना कोणताही कायदा बांधत नाही अशी माणसं बर्लिनपासून कुठे कुठे बसून ते करतात, आणि ज्यांना कायदा बांधतो त्यांच्या संकेतस्थळांवर 'नवीन काय' या शीर्षकाखाली उद्घाटनाचे फोटो असतात.

धोरणं नाहीत असंही नाही. केंद्र सरकारने २०१५मध्ये ई-प्रशासनात ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं. त्याच वर्षी सरकारी ॲप्लिकेशनचा सोर्स कोड खुला करून एकत्रितपणे विकास करण्याचंही धोरण आलं. मे २०२०मध्ये, टाळेबंदीच्या काळात, आरोग्य सेतूच्या अँड्रॉइड ॲपचा कोड खुला केला गेला. कोट्यवधी लोकांच्या फोनमध्ये असलेल्या ॲपचा कोड उघड होणं ही चांगलीच गोष्ट होती. पण धोरणाचं वजन सगळं 'खुला करणे' या एका कृतीवर पडतं, आणि तिथेच आपली गफलत होते. कोडचा गठ्ठा एके दिवशी आणून ठेवला, तर तो वाचायला चार-दोन तज्ज्ञ जातील, आठवडाभर चर्चा होईल, विषय संपेल. दर आठवड्याला काय बदललं ते साध्या भाषेत सांगितलं, तर शाळेतला कारकून, सेतूतला ऑपरेटर, गावातला पत्रकार, सगळे वाचू शकतात. ओपन सोर्सचा परवाना कोडला मोकळं करतो. लोकांचा अंकुश मात्र या सततच्या सांगण्यातून येतो.

यावर पहिला आक्षेप सुरक्षेचा येतो. चुका जाहीर केल्या तर चोरांना रस्ता दाखवल्यासारखं होईल, असं अधिकारी म्हणतील. हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, आणि ओपन सोर्सवाल्यांनी तो घेतलेला आहे. सुरक्षेला धोका असलेली चूक दुरुस्ती तयार होईपर्यंत बंद दाराआड हाताळायची, दुरुस्ती लोकांपर्यंत पोचवायची आणि मग सगळा तपशील तारखेसह जाहीर करायचा, ही त्यांची रूढ पद्धत आहे. उशीर चालतो, पण दडपणं चालत नाही. मार्च २०२४मध्ये केडीईवर एक फार लाजिरवाणा प्रसंग ओढवला होता. प्लाझ्माची सजावट बदलणारी एक थीम, कुणा बाहेरच्या माणसाने बनवून सामायिक दालनात ठेवलेली, एका वापरकर्त्याने बसवली आणि तिच्यातल्या चुकीच्या स्क्रिप्टने त्याच्या सगळ्या फाइली पुसून टाकल्या. केडीईवाल्यांनी ते लपवलं नाही. अशा थीममध्ये बाहेरच्यांनी लिहिलेला, चालणारा कोड असतो, तो तपासायला आमच्याकडे पुरेशी माणसं नाहीत, जपून वापरा, संशयास्पद काही दिसलं तर कळवा, असं त्यांनी उघड सांगितलं. 'आमच्याकडे पुरेशी माणसं नाहीत' हे वाक्य सरकारी संकेतस्थळावर वाचायला मिळालं तर माझा विश्वास वाढेल, कमी होणार नाही.

त्याच महिन्याच्या शेवटी एक्सझेड प्रकरण उघडकीला आलं. खुलेपणाचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकाने ते नीट समजून घ्यावं असं आहे. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं साधन, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असणारं. ते एक थकलेला माणूस वर्षानुवर्षं एकट्याने सांभाळत होता. टोपणनावाने वावरणारा कुणीतरी दोनेक वर्षं मदतनीस म्हणून वावरला, विश्वास कमावला, आणि मग त्यात चोरदार बसवलं. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ते उघड केलं. तेही कसं, तर दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे त्याला खटकलं म्हणून. इथे एक बारकावा आहे. त्या चोरदाराला जागं करणारी ओळ सार्वजनिक कोडसाठ्यात नव्हती. ती फक्त वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. म्हणजे दगा तिथे लपला, जिथे सगळ्यांनी पाहायची नोंद आणि प्रत्यक्ष माल यांत फरक होता. या प्रकरणाने दोन्ही बाजूंचं तोंड बंद व्हायला हवं. खुलं आहे म्हणजे कुणीतरी पाहतच असेल, हा भ्रम आहे. आणि नोंद खुली होती म्हणूनच काही तासांत जगभरच्या लोकांना त्या टोपणनावाचा दोन वर्षांचा प्रत्येक बदल उलगडून बघता आला, हेही तितकंच खरं. बंद दुकानात असं झालं असतं तर आपल्याला निवेदन मिळालं असतं, तपास करता आला नसता.

दुसरा आक्षेप मला स्वतःला जास्त अस्वस्थ करतो. आठवड्याचा हिशेब द्यायचा म्हटलं की सांगण्यासारखं काम करण्याकडे कल होतो. रंग बदलला, बटण हलवलं, हे आठवड्यात होतं आणि दिसतं. खोल काम दिसत नाही. लिनक्सच्या पडद्यावर चित्र उमटवणारी जुनी एक्स ही पद्धत बदलून वेलँड आणण्याचं काम २००८मध्ये सुरू झालं आणि प्लाझ्मात ती मूळ पद्धत व्हायला २०२४ उजाडलं. सोळा वर्षांचं काम आठवड्यांच्या तुकड्यांत कसं सांगणार? त्यातले कितीतरी आठवडे असे असणार की ज्यांत दाखवण्यासारखं काहीच नाही. हा दोष खरा आहे आणि त्याला पूर्ण उतारा नाही. मात्र केडीईच्या अहवालांतून वेलँडची वाटचालही येत राहिलीच. रंग नीट दिसायला लागले, पडदा दुसऱ्याला दाखवता यायला लागला, अजून अमुक ॲप अडतं, अशा ओळींतून. लांबच्या कामाचा आठवड्याचा तुकडा सांगता येतो, फक्त सांगणाऱ्याला 'या आठवड्यात पुढे सरकलो नाही' हे लिहायची मुभा हवी. आपल्या प्रशासनात खरी अडचण नेमकी ती आहे. तिथे प्रत्येक टिपणात प्रगती शंभर टक्के असावी लागते.

तिसरा मुद्दा पैशाचा. हे अहवाल लिहिणं हेच एक काम आहे आणि ते माणसाला दमवतं. ओपन सोर्स जगात उत्साहाने आलेली माणसं काही वर्षांत विझून जातात, हे सर्वांना माहीत असलेलं दुःख आहे. केडीईने २०२४च्या अखेरीपासून वर्षातून एकदा, डिसेंबरमध्ये, प्लाझ्मा वापरणाऱ्यांसमोर देणगीची एक छोटी विनंती दाखवायला सुरुवात केली. त्यावरही आधी मोकळा वाद झाला. जर्मन सरकारच्या पैशातून चालणाऱ्या सॉव्हरिन टेक फंडाने २०२३मध्ये ग्नोमला दहा लाख युरो दिले, कारण ज्या पायावर सरकार उभं आहे त्याची देखभाल करायला हवी, हे तिथल्या लोकांना पटलं. आपल्या राज्यात नवी प्रणाली उभारायला निधी मिळतो, उद्घाटनाला मंत्री मिळतात. देखभालीला मात्र कंत्राटाच्या शेवटच्या पानावरची एक ओळ मिळते. आठवड्याचा हिशेब मागायचा असेल तर तो लिहिणाऱ्या माणसाचा पगारही त्याच निविदेत धरावा लागेल. फुकटात कुणी करेल ही अपेक्षा मी ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

म्युनिक शहराचं उदाहरण ओपन सोर्सच्या विरोधात नेहमी दिलं जातं. तिथल्या पालिकेने २००३मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, दहा वर्षांत सुमारे पंधरा हजार संगणक त्यावर आणले आणि २०१७मध्ये विंडोजकडे परत जायचं ठरवलं. खरं आहे. राजकीय नेतृत्व बदललं, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी साचल्या. म्हणूनच मी म्हणतो की नुसता परवाना पुरत नाही. आज श्लेस्विग-होलस्टाइन हे जर्मन राज्य सुमारे तीस हजार संगणक लिबरऑफिस या ओपन सोर्स कार्यालयीन सॉफ्टवेअरवर आणि पुढे लिनक्सवर नेत आहे. ते टिकेल की नाही हे तिथल्या कर्मचाऱ्याच्या तक्रारीचं आठवड्याभरात काय होतं यावर ठरेल, असा माझा कयास आहे.

हा निर्णय आपल्याही दाराशी आलेला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे योगायोगाने केडीईच्या वाढदिवशी, विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालवायला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण २०१७नंतरचा प्रोसेसर लागतो. जिल्हा परिषदेच्या शाळांत, ग्रामपंचायतींत, छोट्या दवाखान्यांत त्याआधीचे चालते संगणक आहेत. ते भंगारात घालायचे, धोका पत्करून तसेच चालवायचे, की त्यांवर लिनक्स घालायचं? केरळने आपल्या शाळांमध्ये फार पूर्वीपासून लिनक्स आणलं आणि केआयटीई या स्वतःच्या संस्थेकडून त्याची देखभाल ठेवली. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेने बॉस लिनक्स केलं, आणि सी-डॅकचं मुख्यालय तर पुण्यातच आहे. साधनं आहेत.

आणि मराठीचा प्रश्न याच्याशी थेट जोडलेला आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या', 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक कागदावर शाळकरी मूलही दाखवतं. संगणकावर मात्र तो रफार की तो अर्धा र, हे अक्षरं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरला आणि फाँटला शिकवावं लागतं. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणाहून वेगळे काढायचे तर तेही शिकवावं लागतं. ग्नोम, लिबरऑफिस, फायरफॉक्स, अँड्रॉइड, क्रोम या सगळ्यांत ही जुळवणी हार्फबझ नावाचं ओपन सोर्स साधन करतं. तिथे चूक आढळली तर नागपूरचा विद्यार्थीही अक्षराचं चित्र जोडून ती नोंदवू शकतो आणि तिचं पुढे काय झालं ते पाहू शकतो. रेड हॅटच्या पुणे कार्यालयातल्या मंडळींनी एके काळी मराठी भाषांतरावर आणि लोहित फाँटवर मोठं काम केलं. त्या पायावर आपण पुढे किती बांधलं? केडीई आणि ग्नोम दोन्हीकडे कोणत्या भाषेत किती वाक्यं झाली आणि किती राहिली याचा आकडा उघड असतो, मराठीचाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आनंद झाला. त्या दर्जाच्या नावाने जो पैसा खर्च होईल त्यातला थोडा तरी या उघड्या आकड्यांवर खर्च व्हावा, आणि त्या कामाचाही आठवड्याचा हिशेब मिळावा. मराठीसाठी काय झालं हे एरवी आपल्याला भाषणांतून कळतं. इथे ते मोजता येतं.

मागणी अगदी नेमकी करता येईल. राज्य शासन, महापालिका किंवा जिल्हा परिषद यांच्यासाठी लोकांशी थेट संबंध येणारी कोणतीही प्रणाली बांधायची वा सांभाळायची निविदा निघाली, की तिच्यात एक अट असावी: दर आठवड्याला मराठीत, त्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानावरून एका क्लिकवर उघडेल असं टिपण. त्यात काय बदललं, काय बिघडलं होतं आणि किती वेळ, कोणत्या तक्रारी आल्या, त्यांतल्या किती उघड्या आहेत, आणि कोणती दुरुस्ती कधी येणार. सुरक्षेची बाब दुरुस्तीनंतर, पण ठरलेल्या मुदतीत. काही झालं नसेल तर 'काही झालं नाही' असं. टिपणाखाली कंत्राटदाराबरोबर खात्याच्या जबाबदार अधिकाऱ्याचं पदनाम. कंत्राटदार व्यावसायिक गुपिताचं कारण पुढे करतील आणि माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमात त्याला जागाही आहे. मात्र त्याच कलमात व्यापक लोकहिताचा अपवादही आहे, आणि सर्व्हर किती तास बंद होता यात कुणाचंही गुपित नसतं. शासननिर्णय निघेपर्यंत थांबायचीही गरज नाही. ज्या संकेतस्थळाने तुम्हाला या महिन्यात अडवलं, त्याच्या खात्याकडे चौथ्या कलमाचा हवाला देऊन मागच्या तीन महिन्यांचा बंद काळ, त्याची कारणं आणि दुरुस्त्या विचारणारा अर्ज आजच करता येतो. दहा रुपयांचं शुल्क, आणि तीस दिवसांची मुदत.